पाणी गाळणारा समाज आणि गाळ काढणारी चळवळ

(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



पन्नास वर्षांचा प्रवास पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या उत्सवात सहसा गतकाळाचे गुणगान होते, आणि ते व्हावयासही हवे. ज्यांनी पै-पै जमवून ही वास्तू उभी केली, त्यांचे स्मरण केल्यावाचून आपला उत्सव पूर्ण होणार नाही. परंतु विश्वस्तांनी मला विषय दिला तो 'समाज आणि निसर्गसंपत्तीचे रक्षण' हा. या विषयावर बोलताना दूरची उदाहरणे शोधण्याची गरज मला वाटली नाही. २०१८ साली आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, आपल्याच समाजातून उभ्या राहिलेल्या एका संघटनेने असे काम हाती घेतले की त्याची दखल जिल्ह्याबाहेरही घेतली गेली. त्या कामाचे मर्म काय, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि पुढचे कर्तव्य कोणाचे, या तीन प्रश्नांचा विचार आज आपल्यासमोर मांडतो.

दोन समुद्रांना पाणी देणारा तहानलेला जिल्हा

आपण बोलता-बोलता 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' असे शब्द सहज वापरतो. सोयरीक जुळवतानासुद्धा मुलगी घाटावरची की घाटाखालची, हे विचारले जाते. या शब्दांत आपल्या जिल्ह्याचा सारा जलभूगोल सामावलेला आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. घाटावर पडणारा पाऊस पैनगंगेतून आणि खडकपूर्णेतून गोदावरीकडे व तेथून बंगालच्या उपसागराला जातो. घाटाच्या उत्तर उतारावर पडणारा पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्यांतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि अखेर अरबी समुद्राला मिळतो. म्हणजे आपल्या डोंगरमाथ्यावर शेजारी-शेजारी पडलेले दोन थेंब दोन वेगवेगळ्या समुद्रांत पोहोचतात. आपण दोन समुद्रांना पाणी देतो आणि उन्हाळ्यात स्वतः टँकरची वाट पाहतो!

पाऊस अगदीच पडत नाही असे नाही. वर्षाकाठी साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस येथे पडतो. एक हेक्टर जमिनीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ७,००० घनमीटर, अर्थात ७० लाख लिटर पाणी पडले. हे पाणी कोठे जाते? आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. वाळूच्या प्रदेशात पाणी जसे खोलवर मुरून साठते, तसे येथे साठत नाही. वरची माती, तिच्याखालचा मुरूम आणि खडकातील भेगा एवढ्याच जागेत ते थांबते. ही जागा थोडी असल्याने भरतेही लवकर आणि रिकामीही लवकर होते. पाऊस आला की विहीर तुडुंब, आणि माघ-फाल्गुनात तळ दिसू लागला, हा आपला नित्याचा अनुभव याच कारणाने आहे.

घाटाखाली दुःख आणखी वेगळे आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात जमिनीखाली पाणी असूनही ते तोंडात घालवत नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांतील अनेक गावांत मूत्रपिंडाच्या विकारांनी घरेच्या घरे त्रस्त झाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. तेथे पावसाचे गोडे पाणी पृष्ठभागावर अडवून ठेवणे हा निव्वळ शेतीचा विषय उरत नाही. माणसांच्या आरोग्याचा तो प्रश्न होतो.

पूर्वजांची तळी आणि बहात्तरचे पाझर तलाव

आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते. राजमाता जिजाऊंच्या सिंदखेडराजा येथील मोती तलाव आणि पुतळा बारव पाहावी, लोणारची लिंबी बारव पाहावी. पाणी अडवणे, मुरवणे आणि ते उपसताना पायऱ्या उतरून जाण्याचे कष्ट घेणे, अशी त्या काळाची शिस्त त्या दगडांतून आजही दिसते. पायऱ्या उतरून घागर भरणारा मनुष्य पाणी सांडत नाही.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आपल्यातील साठी-सत्तरी ओलांडलेल्या मंडळींना सुकडीचे वाटप आणि खडी फोडण्याची कामे आठवत असतील. त्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून महाराष्ट्रभर हजारो पाझर तलाव, गावतलाव आणि नालाबांध उभे राहिले. अकुशल हातांनी, घमेल्याने माती वाहून उभे केलेले हे तलाव म्हणजे त्या पिढीच्या घामाची ठेव होय.

परंतु तलाव बांधला की त्याचे आयुष्य संपण्यासही सुरुवात होते. प्रत्येक पावसाळ्यात शिवारातील सुपीक माती वाहून येते, तळाशी बसते आणि दरवर्षी तेवढी पाण्याची जागा कमी होते. त्याहून अधिक हानी दुसरीच आहे. बारीक चिकण गाळाचा थर तळाच्या छिद्रांवर लिंपल्यासारखा बसला की पाणी झिरपणे मंदावते. पाझर तलाव मग पाझरत नाही. उन्हात नुसता तापतो, आणि पाणी वाफ होऊन जाते. भिंत शाबूत, सांडवा शाबूत, सरकारी नोंदवहीत तलाव शाबूत; आणि खालच्या विहिरी मात्र कोरड्या! पन्नास वर्षांत आपल्या गावोगावच्या तलावांची ही अवस्था झाली.

भारतीय जैन संघटना आणि २०१८ चा उन्हाळा

भारतीय जैन संघटनेचे नाव या सभागृहात कोणाला नवे नाही. १९८५ साली पुण्यात श्री. शांतिलाल मुथ्था यांनी ती स्थापन केली. ऐन तारुण्यात चालता बांधकाम व्यवसाय सोडून त्यांनी समाजकार्याला वाहून घेतले. सामूहिक विवाहांपासून आरंभ झालेल्या या कार्याला ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने वेगळे वळण दिले. भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास आणून संघटनेने त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर तेथे शेकडो शाळा उभारून दिल्या. जातिधर्म न विचारता संकटग्रस्तांच्या दारी जाणे, ही या संघटनेची ओळख बनली.

पाण्याच्या कामाकडे संघटना वळली ती २०१३ च्या दुष्काळात. बीड जिल्ह्यात त्या वर्षी शंभराहून अधिक तलावांतील गाळ तिने काढला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतात नेला. या अनुभवातूनच मार्च २०१८ मध्ये आपल्या जिल्ह्यात 'सुजलाम् सुफलाम् बुलढाणा' हे अभियान आरंभले गेले. जेसीबी आणि पोकलेन अशी १३४ यंत्रे संघटनेने जिल्ह्यात उतरवली. एका जिल्ह्यात, एका उन्हाळ्यात, एवढी यंत्रे जलसंधारणासाठी एकाच वेळी फिरताना आपण प्रथमच पाहिली.

तथापि यंत्रांच्या संख्येपेक्षा मला त्यामागील व्यवस्था अधिक मोलाची वाटते. यंत्रे संघटनेची, त्यांच्या इंधनाचा भार शासनाचा आणि निघालेला गाळ स्वखर्चाने ट्रॅक्टर-ट्रॉली लावून शेतात वाहून नेण्याचे काम शेतकऱ्याचे, असे हे तीन वाटे होते. यातील एक जरी वाटेकरी मागे हटला असता तरी काम थांबले असते. गाळ उचलणारा शेतकरी पुढे आला नाही तर काढलेला गाळ तलावाच्या काठावर पडून राहतो आणि पहिल्याच पावसात परत आत येतो. म्हणून शेतकऱ्याचा वाटा हा या व्यवस्थेचा कणा होता. फुकट मिळालेल्या वस्तूची राखण कोणी करीत नाही. स्वतःच्या डिझेलने वाहून आणलेल्या मातीची राखण शेतकरी जिवापाड करतो.

याच उन्हाळ्यात, ८ एप्रिल ते २२ मे २०१८ या काळात, पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा चालू होती. गावकऱ्यांनी श्रमदान करावयाचे आणि यंत्रांचे साहाय्य भारतीय जैन संघटनेने पुरवावयाचे, असा मेळ अनेक गावांत जमला. त्या वर्षी राज्यात दुसऱ्या क्रमांकाचा मान साताऱ्याच्या भांडवलीबरोबर आपल्या मोताळा तालुक्यातील सिंदखेडने मिळवला. माणदेशातील गावे जलसंधारणात नावाजलेली. त्यांच्या पंक्तीत आपल्या जिल्ह्याचे गाव बसले, ही अभिमानाची गोष्ट होय.

त्याच सुमारास राष्ट्रीय महामार्गांच्या रुंदीकरणासाठी लागणारी माती आणि मुरूम डोंगर फोडून आणण्याऐवजी तलाव, नाले व नद्या खोल करून घेण्याची पद्धत जिल्ह्यात राबवली गेली. ४९१ किलोमीटर महामार्गांच्या कामासाठी सुमारे ५५ लाख घनमीटर माती-मुरूम या मार्गाने उपलब्ध झाल्याचे केंद्र शासनाने २०२० साली जाहीर केले. 'बुलढाणा पॅटर्न' हे नाव त्यामुळे देशभर झाले. एकाला खड्डा हवा होता आणि दुसऱ्याला भराव. दोघांची गाठ घालून देणारा कोणी हवा होता, एवढेच.

गाळाचे गणित

आपला समाज व्यापारी. जमा-खर्च मांडल्यावाचून आपले समाधान होत नाही. तेव्हा थोडे गणित मांडू.

तलावातून एक घनमीटर गाळ काढला की एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाण्याची जागा होते. एखाद्या गावतलावातून १०,००० घनमीटर गाळ निघाला, तर तो तलाव एकदा भरताना एक कोटी लिटर जादा पाणी थांबेल. माणशी रोज ५५ लिटर हे ग्रामीण पाणीपुरवठ्याचे मान धरले, तर हे पाणी ५०० माणसांना वर्षभर पुरावे इतके आहे. काही पाणी वाफेने जाईल हे खरे. पण जे मुरेल ते खालच्या विहिरींना मिळेल, आणि चांगल्या पावसाळ्यात तलाव एकाहून अधिक वेळाही भरेल.

आता दुसरी बाजू. शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली आली आणि २०२३ मध्ये ती नव्याने सुरू झाली. २०२३ च्या निर्णयात अल्प व अत्यल्प भूधारकांना गाळ नेण्यासाठी एकरी १५,००० रुपयांपर्यंत आणि अडीच एकरांच्या मर्यादेत ३७,५०० रुपयांपर्यंत साहाय्य ठरवण्यात आले. एका एकरात ४०० घनमीटर गाळ पसरला तर सुमारे चार इंचांचा थर होतो. माळरानाच्या मुरमाड जमिनीवर चार इंच काळी माती म्हणजे काय, हे शेती करणारास सांगावयास नको. निसर्गाला असा एक थर तयार करावयास शेकडो वर्षे लागतात.

मात्र येथे विवेक हवा. गाळ हलक्या जमिनीलाच लाभतो. आधीच भारी, चिबड असलेल्या जमिनीत तो टाकला तर निचरा आणखी बिघडतो. ज्या तलावात गावाचे सांडपाणी उतरते, त्याचा गाळ माती तपासून घेतल्याशिवाय शेतात नेऊ नये. आणि गाळाच्या नावाखाली वाळू उपसण्यास या योजनेत पूर्ण मनाई आहे, हेही सर्वांनी ध्यानात ठेवावे.

श्रावकाच्या मनातील एक प्रश्न

आता एका नाजूक विषयाला हात घालतो, कारण हा प्रश्न आपल्यातील अनेक धर्मनिष्ठ श्रावक-श्राविकांच्या मनात येतो आणि तो उघडपणे चर्चिला जात नाही.

आपण अप्काय मानतो. पाण्यात जीव आहेत इतकेच आपण म्हणत नाही; पाणी हेच ज्यांचे शरीर आहे असे जीव आपण मानतो. पृथ्वीकायाचेही तसेच. मग पोकलेनच्या दातांनी जमीन खणणे हे धर्मकार्य कसे? शिवाय श्रावकाच्या बारा व्रतांतील भोगोपभोग परिमाण व्रताच्या विवेचनात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, अर्थात श्रावकाने वर्ज्य करावयाचे व्यवसाय. उपासकदशांगातील आनंद श्रावकाच्या कथेत त्यांची यादी येते. त्यांत जमीन फोडण्या-खोदण्याचा व्यवसाय आहे, आणि सरोवरे, डोह, तळी आटवण्याचाही आहे. प्रश्न मोठा मार्मिक आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

माझ्या अल्पमतीप्रमाणे त्याचे उत्तर असे. पहिली गोष्ट, कर्मादान हा उपजीविकेसाठी, लोभापोटी करावयाच्या व्यवसायाचा निषेध आहे. तळे आटवून जमीन बळकावणे किंवा मासे धरणे हा एक भाव. बुजलेले तळे पुन्हा जिवंत करणे हा दुसरा. दुसरी गोष्ट, तळी आटवण्याचे पाप आज कोण करीत आहे? तळ्यात गाळ साचू देणारे, त्याच्या काठावर अतिक्रमण करणारे आणि शेजाऱ्याची विहीर आटेल याची पर्वा न करता पाचशे-सहाशे फूट बोअर घेणारे आपण सारेच त्या पापाचे धनी नाही काय? हातात फावडे न घेताही तळे आटवता येते.

तिसरी गोष्ट जयणेची. काम करावयाचेच तर ते कमीत कमी विराधना होईल असे करावे. तलाव आपसूक कोरडा पडल्यावर, वैशाख-ज्येष्ठातच गाळ काढावा. पाणी असताना ते उपसून टाकून काढू नये. तळाशी शेवटचे डबके उरले असेल तर ते मासे, कासवे, पक्षी आणि गुरांसाठी राखून ठेवावे आणि खोदकाम त्याच्या भोवती करावे. काठावरची जुनी झाडे तोडू नयेत. मुक्या जनावरांना उतरता यावे असा एक सौम्य उतार ठेवावा. उभ्या कडांचे खड्डे म्हणजे गुरांसाठी आणि मुलांसाठी मृत्यूचे सापळे. यंत्रचालकाला या सूचना देणारा कोणीतरी जयणा जाणणारा मनुष्य तेथे उभा असावा. तो मनुष्य जैन समाजाने द्यावा.

आपल्या घरात पाणी गाळून पिण्याची रीत आहे. केवळ गाळणेच नव्हे. गाळण्यात अडकलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत अलगद परत सोडण्याचीही रीत होती. कोणी त्याला जिवाणी म्हणतात, कोणी बिलछानी म्हणतात. या विहिरीचा जीव त्या विहिरीत जाता कामा नये, इतका बारीक विचार आपल्या आजी-पणजींनी केला. घरी नळ आला आणि ती रीत गेली. पण तिचे मर्म असे होते की पाणी हे जेथून घेतले तेथे काहीतरी परत देणे लागतो. आज परत देण्याची तीच रीत पुनर्भरणाच्या रूपाने पाळता येईल. मारवाडातून आलेल्या आपल्या वाडवडिलांची धारणा होती की तूप सांडले तरी चालेल, पाणी सांडता कामा नये. बोअरचे बटण दाबताना ती आठवावी.

यंत्राला जे जमत नाही

बंधू-भगिनींनो, आपल्या माणसांच्या कामाचे कौतुक करताना डोळसपणा सोडू नये. राज्याच्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. तरी पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात त्याचा परिणाम अल्पच झाला, असा अभिप्राय महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये नोंदवला. तो अभियानाविषयीचा आहे, कोणा एका संस्थेविषयीचा नाही. परंतु त्यातील बोध पाण्यासाठी काम करणाऱ्या प्रत्येकाने घ्यावा.

पहिला बोध असा की माथ्यापासून पायथ्याकडे यावे. डोंगरउतारावर सलग समतल चर नाहीत, बांधबंदिस्ती नाही, गवत नाही, झाडे नाहीत. आणि आपण पायथ्याचा तलाव खोल केला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो पुन्हा भरणार. गळक्या पिंपाखाली भांडे ठेवून रोज रिकामे करण्यासारखे ते होईल.

दुसरा बोध, खोलीला मर्यादा असावी. नाला किती खोल करावयाचा हे खालचा खडक पाहून ठरवावे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे भूवैज्ञानिक जिल्ह्यात आहेत. त्यांना विचारल्यावाचून यंत्र लावू नये. वाटेल तसे खोदल्यास काठाच्या विहिरींचे पाणीच नाल्यात उतरून वाहून जाण्याचा धोका असतो.

तिसरा बोध सर्वांत कठीण आहे, आणि तो आपल्या धर्माच्या सर्वांत जवळचा आहे. साठवण वाढली की उपसाही वाढतो. तलाव भरला, विहिरीला पाणी आले, की दुसऱ्याच वर्षी शिवारात नव्या मोटारी बसतात आणि जादा पाणी पिणारे पीक उभे राहते. तीन वर्षांनी गाव होते तेथेच. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे ओळखले. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम केला आणि दरवर्षी पडलेला पाऊस मोजून, गावात पाण्याचा ताळेबंद मांडून, मग कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवले. आपण याला परिग्रह-परिमाण म्हणतो. मिळेल तेवढे घेणे नव्हे, तर घेण्याची सीमा आधीच ठरवणे. हिवरे बाजारच्या शेतकऱ्यांनी आपले पाचवे अणुव्रत कोणत्याही ग्रंथात न वाचता आचरले, असे मी म्हणेन.

सुवर्णमहोत्सवी संकल्प

आता आपल्या संस्थेकडे येतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त निधी जमतो आहे. तो कशासाठी वापरावा यावर समाजात दोन मते आहेत, हे आपण सर्व जाणतो. कोणाला सभागृह मोठे व्हावे असे वाटते, कोणाला प्रवेशद्वार संगमरवरी व्हावे असे वाटते. या इच्छा चुकीच्या नाहीत. परंतु मला विचाराल तर निधीचा एक वाटा पाण्यासाठी बाजूला काढावा, अशी माझी विनंती आहे. देवद्रव्याला हात लावण्याचा येथे प्रश्नच नाही. ज्या खात्याचे दान त्याच खात्यात राहील. साधारण खात्यातून विश्वस्तांना योग्य वाटेल ती रक्कम, आणि दात्यांनी याच हेतूने दिलेले दान, यांतून एक स्वतंत्र 'जलनिधी' उभा राहावा. तलावाचे पाणी गुरे-पाखरे पितात. तेव्हा जीवदयेच्या भावनेने देणारे दातेही पुढे येतील.

नव्या तलावाची पाटी लावण्यासाठी हा निधी नको. तो देखभालीसाठी हवा. २०१८ मध्ये यंत्रे आली आणि गेली. त्या वर्षी जे तलाव मोकळे झाले त्यांत पुन्हा गाळ येत असणारच. नवे काम करणाऱ्यास हार मिळतो, जुने काम राखणाऱ्यास कोणी ओळखत नाही. म्हणूनच ते काम टिकून राहणाऱ्या संस्थेने करावयाचे असते. सरकारी योजना पाच वर्षांत बदलते, अधिकारी तीन वर्षांत बदलतो. आपली संस्था मात्र पन्नास वर्षे एकाच गावात, एकाच जागी उभी आहे. देखभालीला लागणारा चिवटपणा आपण सिद्ध केलेला आहे.

विश्वस्तांनी विचार करावा अशा चार गोष्टी सांगतो. एक, संस्थेच्या सर्व इमारतींच्या छपरांचे पाणी गाळणीतून आपल्याच विहिरीत वा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडावे. १,००० चौरस फुटांच्या छतावरून आपल्याकडील पावसात वर्षाला सुमारे ५०,००० लिटर पाणी मिळते. इतरांस सांगण्यापूर्वी हे घरी व्हावे.

दोन, परिसरातील एक तलाव आणि त्याच्या वरचा उतार संस्थेने दत्तक घ्यावा, ग्रामपंचायतीच्या ठरावाने आणि संबंधित खात्याच्या परवानगीने. दर उन्हाळ्यात त्याचा गाळ मोजावा आणि दर पावसाळ्यात माथ्यावर गवत-झाडे वाढवावीत. अनेक तलावांना एकदा हात लावण्यापेक्षा एकच तलाव पन्नास वर्षे सांभाळावा.

तीन, पाठशाळेतील मुलांनी तलावाखालच्या काही विहिरींची पाणीपातळी महिन्यातून एकदा मोजून फळ्यावर लिहावी. दोरी आणि वजन एवढ्या साधनाने हे होते. पाच वर्षांच्या नोंदी हाती आल्या की आपले काम फळले की नाही, हे कोणत्याही भाषणावाचून कळेल.

चार, आणि ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाची आहे. पर्युषणात आपण अनेक पच्चक्खाण घेतो. या वर्षी पाण्याच्या परिमाणाचेही घ्यावे. अंगण धुणे, वाहने धुणे, टाकी भरून वाहणे, मंगल कार्यात अर्धवट प्यायलेल्या बाटल्या टाकून देणे, यांतील एक-एक गोष्ट मर्यादित करावी. पाण्याचे व्रत पाळणाऱ्या समाजाच्या लग्नात पाणी वाया जात असेल, तर जगाने आपले ऐकावे तरी का?

तेराव्या शतकातील कच्छच्या भीषण दुष्काळात जगडूशाहांनी आपली धान्याची कोठारे उघडली. सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांच्या वैभवाचे वाडे आज कोणाच्या स्मरणात नाहीत, उघडलेल्या कोठारांची कथा मात्र आहे. आपल्या जिल्ह्याचे कोठार पाण्याचे आहे, आणि ते गाळाने बंद झाले आहे. २०१८ मध्ये आपल्याच बांधवांनी ते एकदा उघडून दाखवले. ते उघडे ठेवणे हे आता आपले काम आहे.

निधीचा निर्णय वार्षिक सभेत व्हावयाचा आहे. त्या सभेत आपण सर्वांनी यावे, मतभेद असतील तर ते मोकळेपणाने मांडावेत, आणि जो निर्णय होईल त्याला एकदिलाने हातभार लावावा. संस्थेच्या हीरक महोत्सवास अजून दहा वर्षे आहेत. त्या दिवशी स्मरणिकेत छापावयास आपल्याजवळ देणगीदारांच्या यादीबरोबरच एका तलावाच्या दहा वर्षांच्या पाणीपातळीचा तक्ताही असावा, एवढी इच्छा व्यक्त करतो.